दोन इंच फोम

तलवाड्याला रेल्वे नाही, म्हणून तर रेल्वेवर बोलायला आम्ही मोकळे आहोत. ज्यांच्या दारावरून रोज गाडी जाते ती माणसं रेल्वेविषयी फारसं बोलत नाहीत. बोललीच तर ‘आज किती लेट?’ एवढंच. आमच्या गेवराई तालुक्याला तसली अडचण नाही. त्वरितादेवीच्या पायऱ्यांवर, एसटीच्या थांब्यावर किंवा चहाच्या टपरीवर बसलेल्या कुणालाही विचारा. स्लीपरमध्ये कोणता बर्थ घ्यावा, कोणत्या डब्यात शेवटपर्यंत पाणी टिकतं आणि रेल्वेमंत्री नेमके कुठं चुकले, हे तो चहा संपायच्या आत सांगतो. अशा जाणकारांपैकी निम्म्यांनी रेल्वे पाहिली ती जालन्याला नाहीतर परळीला. उरलेल्यांनी मोबाईलवर.

‘बीड जिल्ह्यात रेल्वे नव्हती’ असं म्हटलं की परळीकर चिडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. परळी वैजनाथला निजामाच्या काळापासून गाडी येते. पण जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे बीडला, गाडी यायची होती ती नगरकडून. नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली १९९५-९६ साली. गाडी आष्टीपर्यंत पोचली २३ सप्टेंबर २०२२ रोजी आणि बीडला आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या वर्षी ज्याचं बारसं झालं, तो स्वतःच्या पोराला खांद्यावर घेऊन ती गाडी बघायला गेला. मधल्या काळात शेजारच्या लातूरला रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना उभा राहिला. २०२० च्या डिसेंबरात तिथं डब्याचा पहिला सांगाडाही तयार झाला. म्हणजे डबा आमच्या उशाशी येऊन बसला होता. रूळ तेवढे यायचे होते.

इतक्या वर्षांनी गाडी आली तर माणसं आधी इंजिन बघतात, फुलांच्या माळा बघतात, पुढारी मोजतात. आमचे तात्या डब्याच्या आत शिरले. तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. चिकलठाण्याच्या वर्कशॉपात जुन्या चासीवर नवी बॉडी चढते आणि चारच दिवसांत ती गाडी ‘नवीकोरी’ म्हणून स्टँडवर लागते, हे त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलेलं. त्यामुळं कुठल्याही गाडीत चढले की तात्या खिडकीबाहेर बघत नाहीत. आधी सीट अंगठ्यानं दाबतात, मग रेक्झिनची शिवण चाचपतात, शेवटी खाली वाकून स्क्रू बघतात. “रंगाला काय, कुणीबी फासतंय,” ते म्हणतात, “वय इचारायचं ते स्क्रूला.”

तात्यांच्या संगतीनं मलाही डब्याची आतली बाजू वाचायची सवय लागली, आणि त्यातून एक गोष्ट लक्षात आली. जुना डबा आतून नवा करायला घेताना रेल्वेनं प्रत्येक वेळी मनात एक प्रवासी धरलेला असतो. बाक केवढं, पाठ किती तिरकी, खुंटी किती उंच, हे सगळं त्या प्रवाशाच्या मापानं ठरतं. डब्यांचे आराखडे लखनौच्या संशोधन संस्थेत होतात, म्हणजे हा गृहस्थ तिकडंच कुठंतरी राहत असावा. तो एकटा प्रवास करतो, एकच बॅग आणतो, तिघांच्या बाकावर तिसरा म्हणून बसतो आणि चौथ्याला ‘जरा सरका की’ म्हणायची वेळ येऊ देत नाही. जनरलच्या जुन्या डब्यावर आसनं नव्वद असं लिहिलेलं असतं, ते त्याच्याच भरवशावर. आम्हाला तो अजून कुठल्याही गाडीत भेटलेला नाही.

फार पूर्वी रेल्वेच्या मनातला हा प्रवासी लाकडाचा होता. तिसऱ्या वर्गाची बाकडी लाकडी होती, त्यावरून दुसरा निष्कर्ष निघत नाही. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गातल्या हालांवर एक पुस्तिकाच लिहिली. पुढं स्वातंत्र्य आलं, योजना आल्या, आणि १९७४ साली रेल्वेनं तिसरा वर्ग रद्द केला. लोकांना आनंद झाला. गाडीत चढून पाहिलं तर बाकडं तेच, पट्ट्या त्याच, दोन पट्ट्यांमधल्या फटीत चिमटा बसायची जागाही तीच. बाहेर पाटीवर तेवढं ‘दुसरा वर्ग’ झालं होतं. डब्याला हात न लावता केलेलं इतकं स्वस्त नूतनीकरण पुन्हा कुणाला जमलं नाही.

मग १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. जन्म नगरचा, म्हणजे आमच्या मार्गाच्या पलीकडच्या टोकाचा. निवडून आले कोकणातल्या राजापुरातून. आणि पेशा मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्याचा. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. भार तेवढाच असला आणि तो टेकायची जागा वाढली तर दाब कमी होतो, हे आठवीच्या पुस्तकात असतं. पण ते पुस्तक वाचलेला माणूस रेल्वेमंत्री होऊन दुसऱ्या वर्गाच्या बाकड्याकडं बघेल, असा योग क्वचितच येतो. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम घालायला लावला. वरच्या वर्गाची गादी काढली नाही, खालच्या वर्गाला गादी दिली. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती तर वर्गभेदच नसलेली गाडी म्हणून.

समाजवाद भारतात कुठं कुठं पोचला यावर विद्वानांचे वाद चालू असतात. रेल्वेत तो दोन इंचांपर्यंत पोचला, आणि तो बसून पाहता येतो. त्यानंतर मंत्री आले-गेले, आघाड्या झाल्या-मोडल्या, पण तो फोम काढून परत फळी लावायची छाती कुणाची झाली नाही. रेल्वेनं मनात धरलेला प्रवासी आणि खरोखरचा प्रवासी यांचा निदान एक अवयव तरी त्या दिवशी जुळला.

अशा डब्याचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचं धरलेलं असतं. म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातून निघालेल्या त्या जुन्या पद्धतीच्या डब्यांचं. ते बनवायचं २०१८ च्या जानेवारीत थांबलं, पण नोकरीत अजून पुष्कळ आहेत. या काळात डबा अधूनमधून माटुंग्यासारख्या कारखान्यात जातो. माटुंग्याचा कारखाना १९१५ सालचा. तिथं डबा चाकांवरून उचलतात, बाकं बाहेर काढतात, फाटकं रेक्झिन सोलतात, सनमायका उचकटतात, जमिनीवरची फरशी उपसतात आणि खालचा पत्रा कुठं कुठं खाल्लाय ते ठोकून बघतात. माणसाचं वय गुडघ्यात कळतं, तसं डब्याचं संडासाच्या आसपास. पाणी तिथंच सांडतं, गंज तिथूनच चढतो. आयुष्याच्या मध्यावर, बारा-पंधरा वर्षांनी, मोठं काम निघतं आणि डबा भोपाळच्या कारखान्यात जातो. तिथून तो असा काही होऊन येतो की त्याच्या जुन्या प्रवाशांनाही ओळख पटू नये.

हे सगळं तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आन् खालची फरशी उपसली तवा काय काय निघालं?” मला सांगता आलं नाही. तात्यांच्या मते तेच खरं बघण्यासारखं. बारा वर्षांच्या भुईमुगाच्या टरफलांवर त्यांचा अंदाज एका पोत्याचा आहे.

एकविसाव्या शतकात मात्र नूतनीकरणाला नावं मिळाली. २०१७ साली राजधानी-शताब्दीसाठी ‘स्वर्ण’ आणि २०१८ साली साध्या मेल-एक्सप्रेससाठी ‘उत्कृष्ट’. एका गाडीच्या डब्यांमागं साधारण साठ लाख रुपये. निळा रंग जाऊन तपकिरी-पिवळसर आला, ट्यूबलाइट जाऊन एलईडी आले, भिंतींना विनाइलचा थर चढला. त्या थराचा गुण असा सांगतात की त्यावर लिहिलेलं पुसता येतं. म्हणजे ‘अमुक लव्ह तमुक’ हे लिहिलं जाणार, हे रेल्वेनं मनोमन मान्य केलं. पहिल्यांदाच तिनं खऱ्या प्रवाशाकडं डोळे उघडून पाहिलं म्हणायचं.

पण भिंतीपुरतंच. संडासात चकचकीत नळ आले, आरसे आले, आणि थोड्याच महिन्यांत ते नळ कमी व्हायला लागल्याच्या बातम्या यायला लागल्या. त्याआधी, मे २०१७ मध्ये, मुंबई-गोवा तेजस एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा पहिल्याच फेरीनंतर काही हेडफोन परतले नव्हते आणि सीटमागच्या काही पडद्यांवर ओरखडे उठले होते. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, नागरिकांच्या संस्काराविषयी काळजी व्यक्त केली. तात्यांचा या विषयावरचा दृष्टिकोन अधिक उदार आहे. त्यांचं म्हणणं, प्रवाशानं नळ नेला म्हणजे त्याला काम पसंत पडलं. बेकार नळ कुणी कशाला उचकटील? एसटीत त्यांनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकही घंटीची दोरी चोरीला गेलेली पाहिली नाही, यावरून काय ते समजा.

डब्यात वर्षानुवर्षं टिकून राहिलेली वस्तू एकच: संडासातला साखळीनं बांधलेला मग. तिची रचना करणाऱ्यानं मनात कुठलाही काल्पनिक प्रवासी धरला नव्हता. त्यानं घरच्यांकडं पाहून साखळीची लांबी ठरवली असणार.

काल्पनिक प्रवाशाचं सगळ्यात धाडसी चित्र रेल्वेनं काढलं ते मधल्या काळात, लालूप्रसाद यादव मंत्री असताना. बाजूच्या दोन बर्थांमध्ये तिसरा बसवायचा. २००६ साली निघालेल्या गरीब रथात तो बर्थ होताच. पुढं तो साध्या स्लीपरमध्येही आला. बहात्तर माणसांच्या डब्यात एक्याऐंशी झाली. हिशेब बिनचूक होता. फक्त या बर्थवर जो झोपणार त्याला जाडी नको होती. लांबी-रुंदी चालेल, उंची नको. आत सरकायचं आडवं, बाहेर यायचं आडवं, आणि रात्री शिंक आली तर ती सकाळपर्यंत राखून ठेवायची. खालच्या बर्थवरच्याला बसता येईना, मधल्याला वळता येईना. लोकांनी एवढा ओरडा केला की स्लीपरमधले ते बर्थ थोड्याच काळात काढावे लागले. काढतानाही खर्च आला, घालतानाही आला होता. दोन्हीला नाव सुधारणा हेच.

नेहमीच्या मधल्या बर्थचं दुखणं याहून जुनं. तो उघडला की खालच्याचं बसणं संपतं, मिटला की मधल्याचं झोपणं. किती वाजता उघडायचा यावर घरोघरचे जावई-सासरे आयुष्यभरासाठी अबोल झालेले आहेत. हा बर्थ काढून टाकावा ही मागणी कुणी मनावर घेतली नव्हती. २०२० साली करोना आला आणि रेल्वेनं पाच हजारांवर डबे विलगीकरण कक्ष म्हणून तयार केले. मधले बर्थ काढले. चारपैकी एका संडासाची न्हाणी केली. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावली, बाटली ठेवायला जागा केली. प्रवाशानं पन्नास वर्षांत जे जे मागितलं होतं, ते सगळं एका फटक्यात मिळालं. अट एवढीच, की गाडी हलणार नाही आणि तुम्ही आजारी असलं पाहिजे. नंदुरबारला २०२१ च्या लाटेत असे डबे खरोखर कामी आले. बाकीचे बरेच डबे साथ ओसरल्यावर पुन्हा प्रवासी वाहतुकीला लागले आणि मधला बर्थ आपल्या जागी परत आला.

आता रेल्वेचं बाजूला ठेवू. डब्याचं खरं नूतनीकरण करतो तो प्रवासी, आणि त्याला कारखाना लागत नाही, अर्धा तास पुरतो. आमच्याकडचं कुटुंब गाडीत शिरलेलं तुम्ही पाहिलंय का? मूल झोपवायचं असतं. आईनं वरच्या बर्थच्या साखळीपासून समोरच्या साखळीपर्यंत लुगडं बांधलं की झोळी तयार. तिचा झोका गाडीच देते. बाजरीचं अर्धं पोतं दाराशी आडवं टाकलं की तीन जणांचं बाक झालं, आणि ते रेल्वेच्या बाकापेक्षा मऊ असतं. सीटखाली पिशव्या, पिशव्यांखाली चपला, चपलांवर पाण्याचा कॅन. खिडकीच्या गजांना ओला टॉवेल. खुंटीला टोपी, टोपीवर जेवणाचा डबा, आणि त्या डब्यातून ठेच्याचा वास सुटला की शेजारच्या खणातले लोक आपोआप ओळख काढतात: “तुम्ही कुणीकडचे?” समोरच्या फळीवर मोबाईल, त्यातून कीर्तन. चार्जिंगच्या एका खाचेत पाच फोन पाळीनं, आणि पाळी कुणाची हे ठरवायला एक म्हातारी, जिचा स्वतःचा फोनच नाही.

नव्या डब्यात स्टीलची कचरापेटी दिली, ती आमच्या एका नातलगानं तपासून पाहिली. झाकण घट्ट, तळ कोरडा, आत काही नाही. त्यात त्यांनी केळी ठेवली.

जागा धरण्याचीही आमची एक पद्धत आहे, ती एसटीतून आलेली. बस थांबायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल पडला म्हणजे सातबारा झाला. रेल्वेच्या खिडकीला आडवे गज. पहिल्यांदा प्रवास करणाऱ्या आमच्याकडच्या एकानं गजांतून टॉवेल टाकला, तो आतल्या माणसाच्या मांडीवर पडला. आतल्यानं ‘आभारी आहे’ म्हणून तोंड पुसलं.

एवढं सगळं सोसून डबा म्हातारा होतो. मग त्याच्यापुढं दोन वाटा उरतात. एक हॉटेलाची. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर ऑक्टोबर २०२१ मध्ये जुन्या डब्याचं उपाहारगृह सुरू झालं. आतून डबा देखणा केलाय. दिवे मंद, खुर्च्या गुबगुबीत, चौघांसाठी टेबल आणि खरोखर चौघंच बसतात. वेटर अदबीनं पाणी आणतो. प्रवाशाला अशी वागणूक मिळायला डबा जागेवरून हलायचा बंद व्हावा लागला. तात्यांना तिथला फोटो दाखवला तर म्हणाले, “बरंय, टीसी नाय येत. पर बिल येतंय.”

दुसरी वाट अधिक डब्यांच्या नशिबी येते. प्रवाशांच्या कामातून काढलेल्या डब्यातली बाकं, बर्थ, पंखे, संडास सगळं उपसून टाकतात. खिडक्या पत्र्यानं बंद, बाजूची दारं बंद. दोन्ही टोकांच्या भिंती उघडतात, म्हणजे गाडीच्या एका टोकाला शिरलेली वस्तू चाकांवर सरळ दुसऱ्या टोकापर्यंत जाते. आणि मग या डब्यांतून नव्या कोऱ्या मोटारी देशभर पाठवतात. माझ्या मते डब्यांच्या अंतर्गत सजावटीच्या इतिहासात हे सगळ्यात यशस्वी काम आहे. लखनौच्या कागदावरचा तो प्रवासी, ज्याची आम्ही इतकी वर्षं टिंगल केली, तो खरोखर होता. आपण त्याला माणसांत शोधत होतो. तो डब्यात चढतो आणि नेमून दिलेल्या जागी उभा राहतो. खात नाही, सांडत नाही, भिंतीवर लिहीत नाही, नळ नेत नाही. त्याला फोम लागत नाही, पंखा लागत नाही. मधला बर्थ कधी उघडायचा यावर वाद घालत नाही. शेजाऱ्याला ‘सरका’ म्हणत नाही, आणि मुक्कामाला पोचल्यावर अंगावर ओरखडा निघाला तर त्याची तक्रार त्याच दिवशी ऐकून घेतली जाते.

परवा गावात एकाच्या दारी नवी मोटार आली. हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फुटला, त्वरितादेवीच्या पायथ्यापर्यंत एक फेरीही झाली. तात्या जमलेल्या माणसांतून वाट काढत पुढं गेले, सवयीप्रमाणं सीट अंगठ्यानं दाबली, शिवण पाहिली, खाली वाकून स्क्रूही पाहिला. सगळं पसंत पडलं. मग त्यांनी मालकाला विचारलं, “एवढ्या लांबून आली कशी?”

“कंपनीतून रेल्वेनं आली की, तात्या. डब्यात बसून.”

तात्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि मोटारीलाच विचारलं, “कन्फर्म व्हतं का वेटिंग?”